कचरू मास्तरनं बाद केलेला गोल

आमच्या गावात मागच्या वर्षी एक गोष्ट कानाशी लागून सांगितली जायची. कचरूच्या आकांक्षाचं स्थळ म्हणे रामप्रसादच्या अंगदसाठी गेलं होतं, रामप्रसादनं ते उंबऱ्यातूनच परत लावलं, आणि कचरूनं तो राग पोटात धरून ठेवला. मग फायनलच्या दिवशी अंगदचा गोल बाद केला आणि हिशेब चुकता केला. सांगणारा आधी मागं वळून बघायचा, मग आवाज खाली आणायचा, आणि सगळं सांगून झालं की ‘जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय’ म्हणत पुढच्या बाकड्यावर सरकायचा. पुढच्या बाकड्यावर पुन्हा तेच. पुंजारामच्या हॉटेलात चहाबरोबर ही गोष्ट फुकट मिळत होती.

मी काही सोवळा माणूस नाही. ग्रामपंचायतीत चौतीस वर्षं लिपिक होतो, निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली. कुणाच्या घरात कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे ते मला त्या घरातल्या माणसांच्या आधी कळतं. कुणाची सून माहेरी का बसली, कुणी कुणाच्या बांधावरचा दगड हलवला, सगळं ठाऊक. त्यात मजाही घेतली आहे, नाही म्हणत नाही. पण ही एक गोष्ट आठवली की अजून डोकं तापतं.

गावाचं नाव सांगत नाही. घनसावंगीहून गोदावरीकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसा. दोन्ही बाजूंनी ऊस लागला की जिथं जीपवाला सगळ्यांना ताटकळत ठेवून स्वतः चहाला उतरतो, ते आमचं गाव.

कचरूच्या आधीची तीन लेकरं गेली, म्हणून आईनं याचं नाव कचरू ठेवलं, म्हणजे मरणाचीही याच्यावर नजर जाऊ नये. नजर गेली नाही, गडी सहा फूट वाढला. जालन्याच्या कॉलेजात फुटबॉल खेळायचा. गुडघा गेला, खेळ सुटला. पुढं एसटीत कंडक्टर झाला आणि जालना–घनसावंगी गाडीवर लागला. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात, तसा तोही कचरू मास्तर झाला. पण खेळ डोक्यातून जाईना. संभाजीनगरला जाऊन रेफरीची परीक्षा दिली, नापास झाला. पुन्हा दिली, पास झाला. पहिल्यांदा नापास का झाला हे मी त्याला चारचौघांत दहा वेळा विचारलं असेल. दहाही वेळा त्यानं शांतपणे सांगितलं, "आबा, पेपर अवघड व्हता." अशा माणसाला चिडवण्यात काही राम नाही.

माणूस कसा आहे ते एकाच प्रसंगात सांगतो. पंचाहत्तरीच्या पुढं एसटी फुकट असते. मी ऐटीत गाडीत बसलो. कचरू आला.

"आबा, आधार कार्ड."

"अरे कचरू, तुझ्या बारशाला मी दोन पानं जेवलोय."

"जेवला असाल. आधार कार्ड दाखवा."

दाखवलं. त्यानं बोटावर मोजलं. "सहा आठवडे कमी हायेत. हाफ घ्या."

अख्खी गाडी हसली. मी जालन्यापर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. सात आठवड्यांनी पुन्हा त्याच गाडीत चढलो तर मी तोंड उघडायच्या आत यानं शून्याचं तिकीट फाडून हातात दिलं आणि मागच्या बाईकडं वळला. हाफ फाडताना राग नव्हता आणि शून्याचं देताना उपकार नव्हते. दोन्ही वेळा चेहरा तोच. हे लक्षात ठेवा.

फुटबॉलचं नियमाचं पुस्तक इंग्रजीत. कचरूचं इंग्रजी आमच्यासारखंच, गरजेपुरतं. त्याची लेक आकांक्षा तेव्हा जालन्याला बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होती. तिनं बापाशेजारी बसून सगळं पुस्तक मराठीत उतरवलं, दोनशे पानी वहीत, खाकी कव्हर घालून. मग रोज संध्याकाळी बापाची परीक्षा. मी एकदा त्यांच्याकडं पीठ मागायच्या निमित्तानं डोकावलो होतो. कचरू भाकरी मोडत होता आणि पोरगी समोर वही धरून बसली होती.

"थ्रो-इन फेकला आणि कुणालाच न लागता समोरच्याच्या गोलात गेला. काय द्यायचं?"

"गोल न्हाई. गोल किक."

"आणि आपल्याच गोलात गेला तर?"

"कॉर्नर. समोरच्याला."

"पेनल्टी मारली, बॉल खांबाला लागून मारणाऱ्याकडंच आला, त्यानं परत मारून आत घातला?"

"गोल न्हाई. दुसऱ्या कुणाचा पाय लागायला पायजे मधी."

"जेवू तर दे त्यान्ला," तिची आई तुळजाबाई चुलीपुढून म्हणाल्या. "रोज ह्या घरात बॉल शिजून राह्यला."

असा सगळा अभ्यास. आणि तो कामाला कुठं आला ते ऐका. तीन वर्षांपूर्वी आमचा सामना पिंपळगाव रेणुकाईशी होता. आपल्याच अर्ध्यात आपल्याला फ्री किक मिळाली. आमच्या शहाण्यानं ती मागं आपल्या गोलकीपरकडं मारली. गोलकीपर खाली वाकून बुटाची लेस बांधत होता. बॉल त्याच्या शेजारून टुकूटुकू आत गेला. पिंपळगाववाले नाचायला लागले. कचरूनं शिट्टी वाजवली आणि बोट कॉर्नरकडं दाखवलं. आपल्या फ्री किकचा बॉल थेट आपल्याच गोलात गेला तर गोल नसतो, समोरच्याला कॉर्नर मिळतो. पिंपळगाववाले खवळले. त्यांच्या क्रीडाशिक्षकानं तिथंच पुस्तक उघडलं, वाचलं, मिटलं आणि आपल्या पोरांना गप्प बसवलं. आम्ही तो सामना जिंकलो. त्या संध्याकाळी गावानं कचरूला खांद्यावर घेतलं. रामप्रसादनं स्वतः त्याला गुलाल लावला. ‘आपला कचरू, पुस्तक तोंडपाठ हाये त्याला.’ त्या दिवशी पुस्तक चांगलं होतं. कारण पुस्तक आमच्या बाजूनं बोललं होतं.

आता रामप्रसाद. चाळीस एकर ऊस, रस्त्याला लागून खतं-बियाण्यांचं दुकान, आणि माईकवरून आपलं नाव ऐकायची भूक. गावात जागरण असो, नेत्र शिबिर असो, वासरांचं लसीकरण असो, पत्रिकेत भाऊंचं नाव पाहिजे, आणि ते मधल्या ओळीत पाहिजे. एका शिबिराच्या पत्रिकेत ते खाली गेलं तर सगळ्या पत्रिका परत छापाव्या लागल्या. माणूस वाईट नाही. लग्नाकार्याला धावून येतो. पण नाव घेतलं नाही की तोंड असं होतं, जणू कुणी ताटातलं ओढून घेतलं.

मागच्या वर्षी सव्वीस जानेवारीच्या स्पर्धेला चषक त्याच्याच वडिलांच्या नावाचा. फायनलला आम्ही आणि पिंपळगाव. बाहेरून येणारा रेफरी आजारी पडला. संयोजक घाबरत पिंपळगाववाल्यांकडं गेले, की आता आमच्याच गावचा कचरू आहे, काय करायचं. त्यांचा क्रीडाशिक्षक म्हणाला, "मास्तर असतील तर आमची बिलकुल हरकत न्हाई." अख्ख्या जिल्ह्यात कुणी कुणाला यापेक्षा मोठं प्रमाणपत्र दिलेलं मी ऐकलं नाही. आमच्या गावाला त्याचा अर्थ कळला नाही, ही गोष्ट वेगळी.

सकाळी उद्घाटन. गोलच्या खांबावर नारळ फोडला, आणि प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते, म्हणजे रामप्रसादच्या पायानं, मोकळ्या गोलात बॉल ढकलायचा होता. पहिल्यांदा ढकलला तेव्हा फोटोवाला लेन्स पुसत होता. दुसऱ्यांदा मधे गर्दी आली. तिसऱ्यांदा फोटो आला आणि गावानं टाळ्या वाजवल्या. रामप्रसाद इतका खुलला की दिवसभर त्या गोलपासून हलला नाही.

दोन्ही संघांच्या याद्या सामन्याआधी रेफरीकडं द्याव्या लागतात. कचरू मैदानाकडेच्या लिंबाखाली काळा शर्ट चढवून बसला होता. आमची यादी आली. वर खेळाडू, खाली राखीव, आणि सगळ्यात शेवटी ‘संघ व्यवस्थापक’ म्हणून रामप्रसादचं नाव, ठसठशीत अक्षरात. कचरूनं ते दोनदा वाचलं.

"भाऊ व्यवस्थापक कधी झाले?"

"मान म्हणून लिहिलंय. माईकवरून वाचायला बरं पडतं."

"मान पत्रिकेत द्या. हितं नाव आलं की ते संघाचे झाले. मंग संघाचे सगळे नियम त्यान्ला लागू. खोडायचं असलं तर आत्ता खोडा. एकदा शिट्टी वाजली की न्हाई."

यादी आणणारा हसला. "भाऊंचं नाव कोण खोडणार? तू आपली शिट्टी वाजव."

कचरूनं यादीच्या दोन घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवली. माईकवरून नावं वाचली गेली. व्यवस्थापकाचं नाव आलं तेव्हा रामप्रसादनं मैदानाला हात जोडले.

सामना एक-एक झाला. दोन मिनिटं उरली. अंगदनं मधल्या रेषेपासून बॉल काढला. पोरगा चांगला खेळतो, बापाच्या पैशावर नाचणाऱ्यातला नाही. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं. पिंपळगावचा गोलकीपर पुढं धावत आला आणि घसरून पडला. अंगदनं बॉल त्याच्या बाजूनं हळूच ढकलला. समोर मोकळा गोल. बॉल सावकाश पण नीट चालला होता. पिंपळगावचं कुणी पंधरा पावलांत नव्हतं. ज्याला डोळे होते त्याला दिसत होतं की गोल झाला.

आणि खांबापाशी रामप्रसाद उभा. हातात अंगदसाठी आणलेला भगवा फेटा. कुस्तीच्या फडात पैलवान जिंकायच्या आत लोक आत शिरून फेटा बांधतात, आमच्याकडं तीच सवय. हा आत शिरला. बॉल रेषेपासून दोन हातांवर आलेला. सकाळी तीनदा मारलेली किक पायात होतीच. यानं चपलेच्या टोकानं बॉल आत लोटला, दोन्ही हात वर केले आणि तसाच धावत जाऊन लेकाच्या डोक्यावर फेटा ठेवला. हलगी सुरू झाली.

शिट्टी वाजली. कचरूचा हात उलट्या दिशेला होता.

अंगद फेट्यासकट धावत आला. "मास्तर, काय झालं?"

"गोल न्हाई. पिंपळगावची फ्री किक."

"बॉल आत जाऊन राह्यला व्हता."

"जाऊन राह्यला व्हता, बराबर हाये. गेला न्हवता."

मागून रामप्रसाद आला. "कचरू, मी बघणारा माणूस. बघणाऱ्याचा पाय लागला तर काय बिघडलं? उद्या मधी कुत्रं आलं तर काय करशील तू?"

"कुत्रं आलं असतं, बॉलला लागलं असतं, अडवणारं कुणी जवळ नसतं आणि बॉल आत गेला असता, तर गोल दिला असता."

"मंग?"

"कुत्र्याचं नाव यादीत नसतं, भाऊ."

त्यानं हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. नियम तसाच आहे. बाहेरचं कुणी मधे आलं आणि बचाव करणाऱ्याची वाट अडली नाही, तर गोल धरतात. पण गोल करणाऱ्या संघाच्याच माणसानं मधे पडून पाय लावला तर धरत नाहीत, मग तो खेळाडू असो की व्यवस्थापक. कचरूनं विचारलेल्याचं उत्तर दिलं. पण माईक जवळच होता आणि चालू होता. आधी पिंपळगावची बाजू हसली. मग आमची हसली. त्यात कचरूनं खिशातून पिवळं कार्ड काढून रामप्रसादसमोर धरलं, कारण व्यवस्थापकालाही कार्ड असतं. वडिलांच्या नावाच्या चषकाच्या फायनलला, सगळ्या गावासमोर, रामप्रसादला पिवळं कार्ड. गोल गेला त्याचं त्याला इतकं लागलं नसेल. गाव हसलं, ते लागलं.

लोक मैदानात घुसले. कचरू जागचा हलला नाही. दहा मिनिटं शिव्या खात उभा राहिला, बाटलीच्या झाकणानं पाणी प्यायला, मैदान मोकळं झाल्यावर फ्री किक मारायला लावली, राहिलेली दोन मिनिटं खेळवली. मग टायब्रेकर झाला. त्यात आमच्या दोघांनी बॉल थेट उसात मारला आणि आम्ही हरलो. त्या दोघांना कुणी एक शब्द बोललं नाही. कचरूच्या मोटरसायकलची मात्र दोन्ही चाकांची हवा सोडली.

तिसऱ्या दिवशी ती स्थळाची गोष्ट सुरू झाली. मला चीड येते ती इथं. नियम काय आहे हे गावात एकानंही विचारलं नाही. वही तर कचरूच्या घरात कोनाड्यात होती, पावलावर. पण वही वाचायला डोळे लागतात आणि पोरीविषयी बोलायला फक्त तोंड. गोल बाद झाला बापाच्या शिट्टीनं आणि चौकशी लेकीची. कुणी म्हणालं तिचे अंगदशी मेसेज चालायचे, कुणी म्हणालं पत्रिका जुळली नाही, कुणी म्हणालं पोरीतच काहीतरी असेल. ज्या बायांचे सरकारी योजनांचे अर्ज तिनं भरून दिले होते, त्याच बाया ती बसस्टॉपवर आली की बोलणं थांबवायच्या. आकांक्षानं आठ दिवस कॉलेज बुडवलं. नवव्या दिवशी बाप तिला ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या सीटवर बसवून स्वतःच्या गाडीनं घेऊन गेला. आणि तिचा पास तपासला. हो, तिचाही.

पुढच्या रविवारी सकाळी समाजमंदिरात बैठक. कचरू खाकीत आला, बाराची ड्युटी होती. टेबलावर एक कागद तयार होता. ‘माझ्याकडून निर्णय देण्यात चूक झाली, सामना पुन्हा घ्यावा,’ आणि खाली सहीची जागा. सही केली तर सगळं विसरायचं. नाही केली तर या गावात त्याच्या हातात पुन्हा शिट्टी नाही. कचरूला दारूचं व्यसन नाही, पत्त्यांचं नाही, राजकारणाचं नाही. एवढी एक शिट्टी होती त्याच्याकडं, ती टेबलावर लागली होती.

"सही कर अन् मोकळा हो," रामप्रसाद म्हणाला.

"चूक असती तर तिथल्या तिथं बदलली असती. फ्री किक मारली, खेळ चालू झाला. त्याच्यापुढं मला बी बदलता येत न्हाई. तसा नियमच हाये."

"तुझा नियम ठेव कोनाड्यात. गाव काय बोलून राह्यलं ते कानावर आलं ना? पोरीचं नाव..."

"पोरीचं नाव यादीत न्हवतं, भाऊ. तिला मधी आणायचं न्हाई."

आवाज चढला नव्हता. पण पहिल्यांदाच मला दिसलं की हा माणूस रागावतोसुद्धा. त्यानं खिशातून ती घडी घातलेली यादी काढली आणि टेबलावर उलगडली.

"हे नाव पाहून मी इचारलं व्हतं. खोडू का म्हणलं व्हतं."

"कुणाला इचारलं?" रामप्रसादनं यादी ओढून घेतली. "मी कधी म्हणलं व्हतं माझं नाव टाका? कुणी लिवलं हे?"

कचरूनं एकदा सगळ्या खोलीवरून नजर फिरवली. सांगितलं असतं तर सुटला असता. रामप्रसादचा सगळा राग तिथल्या तिथं दुसरीकडं वळला असता.

"आणणाऱ्यानं आणली, मी घेतली," कचरू म्हणाला. "घेतली म्हणजे जिम्मेदारी माझी."

त्यानं गळ्यातली शिट्टी काढून त्या कागदावर ठेवली, सहीच्या जागेवर, आणि बाराची गाडी घ्यायला निघून गेला. अंगद दारात उभा होता, त्यानं बाजूला होऊन वाट दिली आणि मान खाली घातली. बाकी कुणी ती शिट्टी उचललीसुद्धा नाही. दुपारी झाडणाऱ्या उषाबाईनं उचलून कपाटात ठेवली.

यंदाही स्पर्धा झाली. कुठूनसा एक रेफरी आणला होता, हसतमुख, सगळ्यांना नमस्कार करणारा. एका पोरानं लांबून थ्रो-इन फेकला, कुणालाही न लागता थेट गोलात गेला, आणि या बाबानं गोल दिला. गावानं टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी कचरूची गाडी मैदानाशेजारच्या स्टॉपवर उभी होती आणि मी तिच्यात चढत होतो. कचरूनं खिडकीतून ते बघितलं. मग मान वळवली आणि मला शून्याचं तिकीट दिलं. माझ्याशी बोलला नाही. वर्षभर बोललेला नाही, पण तिकीट एकदाही चुकवलं नाही.

आता खरं काय ते. आकांक्षाचं स्थळ रामप्रसादकडं कधीच गेलं नव्हतं. पुंजारामच्या हॉटेलात एकदा चहा पिताना मीच गमतीनं म्हणालो होतो की ती आणि अंगद जोडा शोभेल. यादीत रामप्रसादचं नाव मी लिहिलं होतं, त्याला न विचारता, त्याला बरं वाटावं म्हणून. लिंबाखाली ती यादी कचरूला नेऊन देणारा आणि नाव खोडू न देणारा मीच होतो. समाजमंदिरात मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो आणि बोललो नाही.